शेजाऱ्याचं पाणी

खंडेनवमीला हत्यारं धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काडीचंही काम करून घ्यायचं नाही, हा निंबोळ्याचा जुना नेम. विळे, कोयते, ट्रॅक्टर, फवारणीचे ड्रोन, सगळे त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून आराम करतात. मग पाटघरातल्या हवालदारानंच काय कुणाचं घोडं मारलंय? त्यालाही माळ, त्यालाही सुट्टी.

हा हवालदार म्हणजे माणूस नव्हे. पूर्वी पाटाचं पाणी सोडायला-तोडायला खरोखरचा हवालदार असायचा, मिशा पिळत बांधाबांधानं फिरणारा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या जागी यंत्र आलं. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'स्वयंशिक्षित जलवाटप प्रणाली'. आता चिखलात उभं राहून एवढं नाव कोण घेणार? लोकांनी त्याला हवालदारच म्हटलं. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यापासून निघालेला एक पाट, त्याच्या अठरा चाऱ्या, चाऱ्यांवर दोनशे चौदा झडपा, आणि कुठली झडप किती वेळ उघडायची ते हा हवालदार ठरवणार. त्याची देखभाल करायला एक पाटकरी. गेली चार वर्षं ती नोकरी द्वारका भदाणेकडे होती. आधी तिचा नवरा प्रल्हाद पाटकरी होता. तो हृदयविकारानं गेला, तेव्हा गावानं बिनबोभाट तिला पाटघराची किल्ली दिली. ती बाई किल्लीला जागली. सत्तेचाळिशीची, सडपातळ, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. चार वर्षांत तिच्या हातून चूक म्हणून झाली नव्हती.

तेव्हा झाली ती एकदमच मोठी झाली.

नवमीच्या सकाळी तिनं सगळ्या झडपा बंद केल्या, पाटघर झाडून-पुसून लख्ख केलं, जाळी काढली. यंत्राला हार घालायची वेळ आली, तर पडदा काळा. बंद देवाला हार कोण घालतं? तिनं यंत्र चालू केलं. पडद्यावर ओळ उमटली : 'जागा भरत आली आहे. वापरात नसलेल्या फाइली काढून टाकायच्या का?' खाली आकड्यांच्या नावांची लांबच लांब यादी. द्वारकाला वाटलं, बरं झालं, बाहेरची जाळी काढली तशी आतलीही निघतील. सणाचा दिवस, साफसफाई नको का व्हायला? हळद लागलेल्या बोटानं तिनं 'होय, सगळ्या' दाबलं. यंत्रानं विचारलं, 'नक्की?' ती म्हणाली, "नक्की रे बाबा," आणि पुन्हा दाबलं. मग तिनं नारळ फोडला.

दसऱ्याच्या सकाळी ती भाजीपाल्याच्या चार चाऱ्या सुरू करायला आली. पडद्यावर दोनच ओळी होत्या : 'स्वागत आहे. गावाचं नाव टाका.'

द्वारकाच्या तोंडचं पाणी पळालं.

नाशिकच्या मदत केंद्रात फिरोज तांबोळी नावाचा इंजिनियर होता. आवाजावरून तिशीचा, स्वभावानं गरीब. निंबोळ्याच्या यंत्राचं दुखणं-खुपणं तोच बघायचा. द्वारकानं त्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"ताई, झडपा बंद होत्या आणि यंत्र चालू होतं? एकाच वेळी?"

"खंडेनवमी होती ना."

"अरे देवा," फिरोज म्हणाला. "आम्ही सगळं धरलं होतं हो. वीज पडली तर काय, उंदरानं वायर कुरतडली तर काय, कुणी हॅक केलं तर काय. एरवी तुम्ही शंभर वेळा 'होय' दाबलं असतं तरी काही झालं नसतं. पाणी चालू असलं की त्या फाइली वापरात असतात, आणि वापरात असलेली फाइल पुसली जात नाही. पण यंत्र जागं आहे आणि पाण्याचा थेंबही हलत नाही, असा दिवस वर्षात असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मग आता? तुमच्याकडे नक्कल असेल ना?"

"आहे. म्हणजे होती. ती आरशासारखी आहे, ताई. तुमच्याकडे दिसेल तेच आमच्याकडे. तुम्ही पुसलंत, तासाभरात आमच्याकडचंही पुसलं गेलं. रोजच्या नोंदीही त्याच सफाईत गेल्या."

गेलं होतं ते नेमकं काय, हे इथं सांगायला हवं. यंत्राचा मूळ प्रोग्रॅम शाबूत होता. तो चाळीस गावांत सारखाच. त्याला जमिनीत पुरलेल्या कांड्यांवरून ओल कळते, पाटातली धार कळते, हवामान कळतं. पण पाणीवाटप म्हणजे नुसती ओल नव्हे. प्रत्येक झडपेपाशी एक छोटा माइक होता. कुणी म्हणालं, "माझं पाणी लवकर तुटतंय," तर यंत्र वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या फोनवर विचारायचं, 'हरकत आहे?' दोन दिवसांत हरकत आली नाही, तर हिशेबात तेवढा फरक करून टाकायचं. असे फरक बारा वर्षांत हजारोंनी झाले. सखूबाईच्या केळीला दुपारचं पाणी नको. बापू देवऱ्याच्या बांधात वारूळ आहे, तिथं धार हळू सोडायची. सातव्या चारीचा उतार उलटा, तिथल्या शेवटाला दहा मिनिटं जास्त. यातलं काही कुठं नियम म्हणून लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाकिणीच्या हाताला मीठ कळतं तसं ते यंत्राच्या आकड्यांत मुरलेलं होतं, आणि ते आकडेच द्वारकानं जाळी समजून झाडून टाकले होते.

"नव्यानं शिकवता येईल," फिरोज म्हणाला. "तीन वर्षं लागतील."

"कोजागिरीला रब्बीचं पहिलं पाणी सोडायचंय. पाच दिवस आहेत."

"तर मग मूळ नियम चालू करावा लागेल. क्षेत्राप्रमाणे सारखं पाणी. ताई, खरं सांगतो, तालुक्याच्या कार्यालयाला तेच हवंय. सगळ्या गावांना एकच नियम. कोजागिरीपर्यंत तुम्ही गावाचं काही भरलं नाही, तर ते आपोआप लागू होईल."

क्षेत्राप्रमाणे सारखं म्हणजे ऐकायला किती गोड! पण शेवटाच्या शेतापर्यंत पोचेपर्यंत निम्मं पाणी पाटातच मुरतं. सारखं वाटलं की शेवटाची चाळीस घरं कोरडी. द्वारकाचं शेत तर अठराव्या चारीच्या अगदी टोकाला, शेवटचं.

फोन ठेवताना फिरोज हळूच म्हणाला, "गावाला सांगताना अपडेटमध्ये गेलं म्हणा. असं होतं कधी कधी. कुणी विचारणार नाही."

पोरगा भल्यासाठीच सांगत होता. द्वारका दिवसभर त्या वाक्याशी झटापट करत राहिली. सोनं म्हणून आपट्याची पानं द्यायला लोक येत होते, ती घेत होती आणि हसत होती. खोटं बोलली तर नोकरी राहील. खरं बोलली तर किल्ली जाईल, आणि 'बाईमाणसाच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं' हे ऐकावं लागेल ते वेगळंच. पण एकदा अपडेट म्हटलं की गाव हात झटकून मोकळं होणार, 'वरून गेलं, वरूनच येईल' म्हणणार, आणि वरून काय येणार ते तिला ठाऊक होतं. गेलेलं परत मिळवायचं तर गावाला कामाला लावायला हवं होतं, आणि गावाला खोटं सांगून कामाला लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर तिनं सरळ सांगून टाकलं. "माझ्या हातनं पुसलं गेलं. चूक माझी."

पाणी मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव बोरसे कपाळाला हात लावून बसले. मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी म्हणालं किल्ली काढून घ्या, कुणी म्हणालं आता किल्ली घेऊन काय चाटायची आहे? शेवटी उत्तमरावांनीच तोडगा काढला. "ज्यानं त्यानं आपापलं पाणी सांगावं. किती मिनिटं मिळत होतं ते. द्वारका लिहून घेईल."

झालं. सगळ्यांनी सांगितलं. पाटावर एका वेळी चार चाऱ्या चालतात, त्या हिशेबानं द्वारकानं बेरीज केली, आणि दिवसाचे तास भरले एकतीस.

"देवानं दिवस चोवीस तासांचा केला त्याला निंबोळ्यानं काय करावं?" उत्तमराव म्हणाले. लोक हसले, पण कुणी आपलं एक मिनिटही मागं घेईना. सगळे शपथेवर सांगत होते. वाईट म्हणजे, ते खोटं बोलत नव्हते. आपल्याला मिळतं ते कुणाला कधी नीट मोजता आलंय? पाणी चालू असतं तेव्हा माणूस वाफे धरण्यात गुंग असतो. आपलं पाणी त्याला क्षणभर वाटतं, किंवा सबंध सकाळ वाटते.

द्वारका पाटघरात येऊन बसली. चार वर्षांत या दारात किती तक्रारी आल्या होत्या! ती एकेक आठवू लागली. 'काशिनाथचं पाणी पावणेनऊला तुटायला हवं, नऊपर्यंत चालू होतं.' 'सखूबाईला पस्तीस मिनिटं मिळतात, मग मला तीस का?' आठवता आठवता ती ताडकन उठली आणि तिनं फिरोजला फोन लावला.

"साहेब, चार वर्षांत माझ्याकडे एकही माणूस स्वतःचं पाणी सांगायला आला नाही! जो तो शेजाऱ्याचं सांगतो. मिनिटासकट!"

"मग?"

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. गावाची खोडच आहे ती. प्रत्येकाला शेजाऱ्याचं विचारलं तर?"

फिरोजच्या खुर्चीचा आवाज आला. तो बहुधा उठून उभा राहिला होता. "ताई, प्रत्येक झडपेला दोन शेजारी. वरचा आणि खालचा. म्हणजे प्रत्येक आकड्याला दोन साक्षी. दोघांचं जुळलं तर आकडा पक्का. नाही जुळलं तर कुठं गडबड आहे ते लगेच कळेल. शिवाय प्रत्येक चारीची एकूण वेळ तुम्हाला माहीत आहे, बेरीज त्यात बसलीच पाहिजे." तो जरा हसला. "मोठमोठ्या केंद्रांत माहिती अशीच जपतात. एकच गोष्ट दोन-तीन ठिकाणी ठेवतात, एक बिघडलं तर दुसऱ्यावरून दुरुस्त करतात. तुमचा बॅकअप गावाच्या डोक्यात आहे, ताई. आम्ही फुकट सर्व्हर घेतले."

पुढचे तीन दिवस द्वारका स्कूटरवरून चाऱ्या पालथ्या घालत होती. नियम एकच : स्वतःचं बोलायचं नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. आणि काय सांगू, लोकांना नुसता ऊत आला! ज्यांना आपल्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही, त्यांनी शेजाऱ्याची झडप किती वाजता उघडते, कधी तुटते, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, सगळं घडाघडा सांगितलं. सखूबाईला खालच्या शेजाऱ्याचं पाणी विचारलं, तर ती डोळे मिटून म्हणाली, "अडतीस मिनिटं. आणि दुपारी एकदा सहा मिनिटं चोरून." दुसऱ्या साक्षीनंही अडतीसच सांगितली. आणि चोरून सहा!

"ती सहा लिहायची का?" द्वारकानं फोनवर विचारलं.

"यंत्राला माहीत होती का?"

"माहीत असणारच. कुणी हरकत घेतली नव्हती."

"मग लिहा," फिरोज म्हणाला. "ती चोरी राहिली नाही, वहिवाट झाली."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सतरा चाऱ्या जुळल्या. बेरजा चार-दोन मिनिटांच्या आत बसत होत्या. गावालाही आता चेव आला होता. किल्ली काढून घ्या म्हणणारे स्कूटरला पेट्रोल घालून देत होते. राहिली अठरावी चारी. तिच्यातही शेवटच्या दोनच झडपा बाकी होत्या : दगडू भदाणे यांची, आणि सर्वांत शेवटी द्वारकाची.

हे दगडू म्हणजे तिचे सख्खे जेठ, प्रल्हादचे मोठे भाऊ. सगळे त्यांना नाना म्हणत. वाटणीत दोघा भावांना सारखी जमीन आली होती, बांधाला बांध लागून. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी प्रल्हादचं शेत अर्धं कोरडं सापडलं आणि नानांच्या शेतात पाणी तुंबलेलं. प्रल्हाद तडक चावडीवर गेला आणि भरल्या चावडीत म्हणाला, "माझा भाऊ पाणीचोर आहे." त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नाही, येणं नाही, जाणं नाही. प्रल्हाद गेला तेव्हा नाना मातीला आले, लांब उभे राहिले आणि निघून गेले. द्वारकाही मनात धरून होती. नवऱ्याचं वैर म्हणून तिनंही ते सांभाळलं होतं.

नानांच्या वरचा शेजारी काशिनाथ. त्यानं चुटकीसरशी सांगितलं, "दगडूनानाचं? तीस मिनिटं. अर्ध्या तासावर एक मिनिट नाही."

"काशिनाथभाऊ, नीट आठवा. पंचावन्न असेल."

"अगं, माझी झडप त्याच्या आधीची. रोज बघतो मी. तीसच."

द्वारकानं बेरीज मांडली. अठराव्या चारीत वरच्यांचं जाऊन या दोन झडपांना एकशे दहा मिनिटं उरत होती. सारखी जमीन, म्हणजे पंचावन्न-पंचावन्न. नानांचं तीस, तर मग तिचं ऐंशी?

तिनं बेरीज पुन्हा करून पाहिली. तीच आली.

शेवटाच्या शेताला जरा जास्त वेळ लागतो, तसंच आपलं असेल, असं ती चार वर्षं समजत आली होती. गहू दर साल चांगला येत होता. प्रल्हाद सांगायचा, आपल्या जमिनीत ओल धरायची ताकद आहे. पण पंचवीस मिनिटं? ती जमिनीची ताकद नव्हती. प्रल्हाद पाटकरी होता. यंत्र रात्रंदिवस त्याच्या हाताखाली होतं. भावाला भर चावडीत चोर म्हणणाऱ्या माणसानंच भावाचं पाणी वळवून घेतलं असेल तर? आणि पाटकरीण म्हणून ती चार वर्षं चोरीच्या पाण्यावर गहू पिकवत असेल तर?

द्वारकाला रडूच आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून तिनं ते येऊ दिलं.

खरं तर सोपा मार्ग समोर होता. पंचावन्न-पंचावन्न लिहायचं. बेरीज जुळत होती, न्यायही तोच होता. काशिनाथची एकच साक्ष; खालची शेजारीण ती स्वतः, पण वैरापायी ती नानांचं पाणी कधी बघायला गेली नव्हती. म्हातारा चुकला म्हणता आलं असतं. प्रल्हादचं नाव राहिलं असतं, तिची किल्ली राहिली असती, नानांनाही त्यांचं पाणी मिळालं असतं. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. पण तीन दिवस ती दोनशे बारा जणांना सांगत आली होती, स्वतःचं स्वतः बोलायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. तिला शेजारी एकच होता.

नाना हरभऱ्यासाठी रान तयार करत होते. सत्तरी ओलांडलेली, पाठ अजून ताठ. द्वारका बांधावर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला. बांध ओलांडून ती गेली नाही.

"नाना."

त्यांनी वर पाहिलं. नऊ वर्षांनी हाक ऐकली तरी चेहरा हलला नाही. "पाणी विचारत फिरतेस म्हणे."

"हो. माझं पाणी सांगा. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"ऐंशी."

त्यांनी तो आकडा असा टाकला, की द्वारकाला मान वर करवेना. "आणि तुमचं तीस," ती म्हणाली. "नाना, हे ह्यांनी केलं का? यंत्रात काही...?"

"त्यानं?" नाना हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "त्याच्यात एवढी धमक कुठली! मी केलं. चावडीवर मला चोर म्हणाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. झडपेपाशी उभं राहून हवालदाराला सांगितलं, माझं तिसाव्या मिनिटाला तोड, उरलेलं खाली सोड."

"का?"

"का म्हणजे? बांधाला उंदरानं भोक पाडलं होतं. त्यातनं पाणी माझ्याकडे आलं. भोक मी स्वतः बुजवलं. त्याला दाखवणार होतो, पण त्यानं बघायच्या आधीच चावडी गाठली. म्हटलं ठीक आहे. तुझं पाणी खाल्लं म्हणतोस ना, तर माझंच खा. रोज खा. खाता खाता एक दिवस कळेल, आणि येशील. मग काय बोलतोस ते बघतो." त्यांनी बांधाकडे पाहिलं. "आलाच नाही. मेला, पण आला नाही."

"त्यांना कळलं नसेल, नाना."

"हवालदारानं हरकत विचारली असेल ना त्याला? फोन त्याचा होता."

प्रल्हाद फोनवरचा एकही निरोप न वाचता सोडत नसे, हे द्वारकाइतकं कुणाला माहीत होतं? त्याला कळलं होतं. त्यानं हरकत घेतली नाही, आणि भावाच्या दारातही गेला नाही. असा कसा हा माणूस, असं तिच्या मनात आलं. त्याचा राग आला आणि त्याची फार आठवणही आली.

"तो गेल्यावर बंद का नाही केलं?" तिनं विचारलं.

"हट्ट," नाना म्हणाले. "आणि तू एकटी पडली होतीस. पण खरं सांगू, हट्टच जास्त. पाणी परत मागितलं असतं तर वाटलं असतं, मीच हरलो." त्यांनी कुदळ उचलली. "जा. ऐंशी लिही. खरं विचारायला आलीस, खरं सांगितलं. नाहीतर पंचावन्न लिहून मोकळी झाली असतीस. मला कळलंही नसतं, बोललोही नसतो."

कोजागिरीच्या सकाळी चावडी भरली. यादी मोठ्यानं वाचायची, प्रत्येक नावाला उत्तमरावांनी 'हरकत?' विचारायचं, आणि कुणी बोललं नाही तर द्वारकानं आकडा यंत्रात भरायचा, असं ठरलं होतं. फिरोज फोनच्या पडद्यावरून बघत होता. दोनशे बारा नावं झाली. कुठं कुठं कुरबुर झाली, सखूबाईच्या शेजाऱ्याची सहा मिनिटं वाचली तेव्हा हशा पिकला, पण आकडे उभे राहिले.

"दगडू पांडुरंग भदाणे," द्वारकानं वाचलं. "तीस मिनिटं. द्वारका प्रल्हाद भदाणे. ऐंशी मिनिटं."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वा रे वा! कुंपणानंच शेत खाल्लं की!"

नाना मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलणारही नव्हते, हे द्वारकाला ठाऊक होतं. ती उठून उभी राहिली.

"नऊ वर्षांपूर्वी याच ठिकाणी माझ्या मालकानं नानांना पाणीचोर म्हटलं. ते खोटं होतं. बांधाला उंदरानं भोक पाडलं होतं, पाणी त्यातनं गेलं. नानांनी चोरलं नाही. उलट त्या दिवसापासून आपल्या वाट्याची रोज पंचवीस मिनिटं ते आम्हाला देत आले. आम्ही ती घेतली. मालकांना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नाही. मला काल कळलं. जे भरल्या चावडीत बोललं गेलं ते भरल्या चावडीतच मागं घ्यायला पाहिजे. मालक नाहीत, म्हणून मी घेते. नाना चोर नव्हते. चुकलं आमचं."

तिनं तिथूनच वाकून नमस्कार केला. ती खाली बसली, पाटघरातून सोडवून आणलेला यंत्राचा पाटीएवढा पडदा मांडीवर घेतला, ऐंशीचा आकडा भरायला बोट पुढं केलं आणि थांबली, कारण एक रीत राहिली होती.

"हरकत?" उत्तमरावांनी विचारलं.

"आहे," नाना म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या. नाना भिंत सोडून पुढं आले. डोळे लाल झाले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

"पंचावन्न-पंचावन्न लिहा. माझं पाणी मला द्या."

"नाना, जुनं जसंच्या तसं..." उत्तमराव बोलू लागले.

"जुनं गेलं ना पुसून? बरं झालं. मला गहू पेरायचाय. नऊ वर्षं हरभरा पेरून कंटाळलो मी."

कुणीतरी हसलं, मग सगळी चावडीच हसली. पडद्यावर फिरोज चष्मा काढून पुसत होता. द्वारकानं आकडे भरले. यंत्रानं 'नक्की?' विचारलं, तेव्हा तिनं नानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तसं तिनं दाबलं.

"आणि ऐक," नाना बोट रोखून म्हणाले, "आता एक मिनिट जरी जास्त घेतलंस, तर बांधावर येऊन भांडेन. सांगून ठेवतो."

"या, नाना," द्वारका डोळे पुसत म्हणाली. "नऊ वर्षं झाली, आमच्याकडे कुणी भांडायलासुद्धा आलं नाही."